काकाजींचे रांजण

खोली भाड्यानं देणारा माणूस आधी काय दाखवतो? उजेड दाखवतो, विहीर दाखवतो, शेजार चांगला आहे म्हणून सांगतो. पांढुर्ण्याच्या आमच्या घरमालकानं आधी रांजण दाखवले. परसात, भिंतीच्या सावलीला, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले, वर लाकडी झाकणं. मला वाटलं धान्याचे असतील. मी नुकतीच लग्न होऊन आलेली, डोक्यावर पदर, काय विचारणार? ह्यांनीच विचारलं, यात काय ठेवता म्हणून.

"मूत," काकाजी म्हणाले. "माझं आहे, आता तुमचंही राहील. न्हाणीत मडकं ठेवलं आहे. त्यात पाणी सांडायचं नाही, एवढीच अट. बाकी घर तुमचंच समजा."

दूध म्हणावं तसा तो शब्द म्हणाले. मी भिंतीकडे तोंड केलं. हे तहसिलीत कारकून, हसू दाबता येत नव्हतं त्यांना. सासूबाई मात्र तिथंच उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, या घरात मी पाणी पिणार नाही. पण त्या दिवसांत पांढुर्ण्यात खोली मिळत नव्हती, आणि सासूबाईंना तहान तर लागणारच होती. राहिलो आम्ही; सासूबाई पाणी प्यायला तेवढ्या शेजारी जात. मडकं काकाजी स्वतः उचलून नेत, रोज सकाळी, आपल्या हातानं. दुसऱ्या कोणाला ते काम कधी सांगितलं नाही. कोणी विचारलं तर म्हणत, प्रयोग माझा, मग वास दुसऱ्याच्या हाताला काऊन?

माणूस उंच, पाठीत वाकलेला, एकच कोट आणि बोटं कायम पिवळी. बाजारात लोक थट्टा करत, काकाजी, कोणाच्या हळदीहून येऊन राहिले? ते म्हणत, घरीच लावून घेतली, मला कोण नवरदेव करते आता. ती हळद कशाची हे मला पुढं कळलं. टीपकागदाच्या पट्ट्या कापून ते हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवत आणि रोज एकेका रांजणात एकेक पट्टी बुडवून पाहत. पट्टी पिवळीच राहिली तर झाकण लावून टाकत. लाल झाली तर, "सूनबाई, याचं कुंकू झालं," असं मोठ्यानं सांगत. याच्या घरात बाईमाणूस नाही आणि हा बाप्या परसात उभा राहून कुंकू कुंकू करतो, हे ऐकून सासूबाई कानावर हात ठेवत.

नागपूरला एका कॉलेजात ते रसायन शिकवत होते. बायको गेली, नोकरी सोडली आणि पोरीला घेऊन गावी आले. घराण्यात शेती होती, ती भावांनी आपसात वाटून घेतली, यांच्या वाट्याला हे घर आलं. घराच्या मागं परस आणि परसात एकच झाड, संत्र्याचं. ते त्यांच्या बायकोनं लावलेलं. तिचं माहेर मोहगावकडचं, तिथून एकदा दिवाळीला कलम घेऊन आली होती, पदरात गुंडाळून, लेकरू आणावं तसं.

शिकवायची सवय सुटली नव्हती. आणि शिकायला परसात मीच सापडे, धुणं वाळत घालताना. म्हणत, "दूध ताजं आहे तोवर दही होते का? नाही. तसंच हे. ताज्या मुतात काहीच होत नाही. शिळं होऊ द्यावं लागते. शिळं झालं की त्यातून अमोनिया जागा होते, तो नाकाला झोंबणारा वास त्याचाच. आणि मग हळदीचा कागद लाल होते."

मग पुढचं. खडा व्हायला तिघं एका पंगतीला बसले पाहिजेत. एक हा अमोनिया. दुसरा हाडातला फॉस्फरस, तोही मुतातच असतो. हे दोघं घरचे. तिसरा मॅग्नेशियम, तो पाहुणा, त्याला बाहेरून आणावं लागतं. तिघं बसले, कोणी धक्काबुक्की केली नाही, हळूहळू ढवळलं, की रांजणाच्या बुडाशी पांढरे दाणे बसतात. मी पाहिले आहेत ते. जाड्या रव्यासारखे, उन्हात धरले तर चमकणारे. वाळले की वास नाही, काही नाही. म्हणत, पाण्यात टाक, साखरेसारखे विरघळणार नाहीत. झाडाच्या मुळाशी घाल, पावसानं वाहून जाणार नाहीत. झाडाला भूक लागेल तेवढंच सुटेल. असं खत सरकारजवळही नाही.

तो तिसरा पाहुणा दवाखान्यात मिळत होता, जुलाबाचं मीठ म्हणून. काकाजी पुडेच्या पुडे आणत. कंपाउंडरनं गावात सांगून टाकलं की या माणसाचं पोट दगडाचं आहे. पुढं पुढं लोक रस्त्यात थांबवून त्यांना एरंडेल सुचवू लागले. काकाजी ऐकून घेत, मान डोलावून हाव म्हणत, पुढं जात. खरं सांगायची त्यांना घाई नसे. घाई हा शब्दच त्यांना चालत नसे. चूल पेटत नाही म्हणून मी फुंकणी घेऊन तणतणले तरी भिंतीपलीकडून आवाज येई, "घाई केली की गाळ, थांबलं की खडा."

आम्ही यायच्या आधी म्हणे त्यांनी सुरुवात गोमूत्रापासून केली होती. सगळ्या गावाला ते फार आवडलं. लोक आपण होऊन तांब्या भरून आणून देत, बाया हळदकुंकू वाहून देत, एका घरून तर सोवळ्यात यायचं. वर्ष गेलं आणि दाणा म्हणून पडला नाही. मग त्यांच्या ध्यानात आलं. हाडातलं सत्त्व गाय शेणातून टाकते, मुतातून नाही. मग शेणाचं पाणी करून पाहिलं, त्याचा नुसता चिखल. मग माणसाचं घेतलं आणि त्यातच दाणे पडले. पण गोमूत्राला नमस्कार करणारं गाव त्या दिवशी उठून गेलं. लग्नाच्या अक्षता यायच्या बंद झाल्या, पंगतीला बोलावणं बंद झालं. मला एकदा म्हणाले, "गाईनं दगा दिला नसता, तर मी या गावात साधू झालो असतो."

हसत हसत म्हणाले होते. पण त्यांच्या घरात हसू फार टिकत नसे.

खिडकीत एक लहानशी काचेची बाटली होती. तिच्यात पिवळट पांढरा दगड, आल्याच्या गड्ड्यासारखा, फाटे फुटलेला. पुष्कळ दिवस मला वाटलं, नर्मदेतून आणलेलं काही असेल, देवाचं. एकदा पुसायला म्हणून हात लावला तर काकाजींनी ती अलगद काढून घेतली.

"ही शकूची आई," म्हणाले.

शकू त्यांची पोरगी, सौंसरला दिलेली. तिच्या आईला ताप यायचा, लघवीला आग व्हायची, कमरेत कळ उठायची. बाईमाणूस, सांगणार कोणाला? सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. नागपूरला पोट उघडून डॉक्टरांनी हा खडा काढला आणि बाटलीत घालून यांच्या हातात दिला. ती मात्र त्यातून उठली नाही. पुढं कॉलेजात मुतारीचा पाइप तुंबला म्हणून तो फोडला, तर आत पांढरा थर. काकाजींनी तो घरी आणला, जाळून पाहिला, अॅसिडात टाकून पाहिला. बाटलीतला दगड आणि पाइपातला दगड एकच.

"जे तिच्या पोटात नको होतं ना सूनबाई, ते तिच्या झाडाला पाहिजे आहे," असं म्हणाले आणि बाटली खिडकीत जागच्या जागी ठेवली. तिथं ऊन येत असे. मी पुन्हा कधी त्या खिडकीची धूळ पुसली नाही.

झाड मरतुकडं होतं. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, कितीक वर्षं फूल नाही. काकाजी पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच्या भोवती चर खणून ते दाणे पेरत. मग वरून माती ओढून, बाळाला पांघरूण घालावं तसं थोपटत.

एका पोळ्याला आमच्या सासूबाईंनी भिंतींना चुना दिला आणि उरलेली बादली रांजणात ओतली. वास जाईल म्हणून, वाईट मनानं नाही. काकाजींनी झाकण उघडलं. आत नुसता पिठासारखा गाळ. चुना आला की तो हाडातल्या सत्त्वाला आपल्याकडं ओढून घेतो, पंगत उधळते. कितीतरी महिन्यांचं काम होतं ते. आम्हाला वाटलं आता घर सोडावं लागते. ते रांजणाच्या काठाशी बसून राहिले आणि मग सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, चुन्यानं भिंत छान झाली." तेवढंच. त्या दिवसापासून सासूबाई त्या घरात पाणी पिऊ लागल्या.

त्यानंतरच्या मृगात झाडाला फुलं आली. मला आठवते, काकाजी छत्री घेऊन झाडाखाली उभे होते आणि फुलांवर पाऊस पडू नये म्हणून छत्री वर धरून राहिले होते. पुष्कळ गळली. पण काही धरली. हिरव्या गोट्या झाल्या, मग लिंबाएवढ्या. ही संत्री माघ-फाल्गुनात पिकतात. आणि शकूला दिवस गेलेले होते, पहिलंच. पहिलं बाळंतपण माहेरी. पौषात व्हायची, सव्वा महिना झाला की परत जायची. काकाजींनी हिशेब जुळवून ठेवला होता, जाताना पोरीच्या ओटीत तिच्या आईच्या झाडाची संत्री पडतील. मला रोज सांगत. मी म्हणे, काकाजी, घाई करू नका. ते म्हणत, घाई नाही करून राहिलो, वाट पाहून राहिलो.

ते साल गडबडीचं होतं. राज्यं नव्यानं आखली. नागपूर उठून मुंबईच्या राज्यात गेलं आणि पांढुर्णा-सौंसर मध्यप्रदेशातच राहिले. बाजार नागपूरचा, सोयरीक नागपूरची, बोली तीच, आणि कागदावर दोन मुलूख. ह्यांच्या ऑफिसात विचारणा झाली, इकडं राहता की तिकडं जाता. ह्यांचे भाऊ नागपूरला, ह्यांनी तिकडचं नाव दिलं. हुकूम केव्हा येईल ते कोणालाच माहीत नव्हतं.

दिवाळी झाल्यावर शकूची सासू सौंसरहून बसनं आली. ठसठशीत बाई, हातात पाटल्या, त्यांचा बोरगावच्या वाटेवर संत्र्याचा बगीचा. चहाला हात लावला नाही. परसात गेली, झाकण उघडून पाहिलं, पुन्हा लावलं.

"इवाईबुवा, आमी बगीचेवाले लोक हावो. खत आमाले कळत नाही असं नोका समजू," ती म्हणाली. "पण बाळंतीण या वासात निजवाची नाही. हे रांजण बुजवा, मंग पोरगी पाठवतो. अन् पौष लागाच्या आत. पौषात आमी सून घराबाहेर काढत नाही."

बोलण्यात काही वावगं होतं का? मला तर नव्हतं वाटलं. काकाजींनाही नसावं. ते एवढंच म्हणाले की थंडी पडली आहे.

तिला वाटलं, हा माणूस हवापाण्याचं बोलून विषय टाळून राहिला. मला ठाऊक होतं ते काय म्हणत होते. थंडीत मूत लवकर शिळं होत नाही. नवरात्रानंतर भरलेले सगळे रांजण तसेच पडले होते, हळदीचा कागद पिवळाचा पिवळा. दाणे बसायला अजून अवकाश होता. आणि दाणे बसल्यावरही वरचं पाणी ते एकदम कुठं ओतत नसत. विहिरीच्या पाण्यात पातळ करून, थोडं थोडं, पुष्कळ दिवस लावून परसाच्या दुसऱ्या टोकाला जिरवत. तेवढे दिवस आता नव्हते.

काकाजी हिंडले. ज्यांची शेतं होती त्यांना बैलबंडी मागितली, भरून दूर नेऊन टाकतो म्हणाले. कोणी दिली नाही, बंडी बाटेल म्हणून. गल्लीच्या नालीत सोडू म्हटलं तर शेजारी दारात उभे राहिले. म्युनिसिपालिटीच्या कमेटीत अर्ज नेला, तर तिथला बाबू म्हणाला, काकाजी, आमचेच कागद कोणत्या राज्यात आहेत ते शोधून राहिलो, तुमचं मूत कोणत्या राज्यात टाकायचं ते कसं सांगू? लोक पोट धरून हसले. काकाजीही हसले म्हणतात. घरी आले तेव्हा चेहऱ्यावर ते हसू नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धोतर खोचलं आणि बादली घेतली. परसाला उतार होता, आणि उताराच्या टोकाला झाड. त्यांनी वरच्या कोपऱ्यात आळी खणली, मातीचे बांध घातले. पण काळी माती, ती किती पिते? बांध फुटून पाणी खाली जाताना मी पाहिलं. एवढं कडक, एवढं एकदम, कोवळ्या मुळांना ते जाळते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ह्यांनी बादली धरली त्यांची. म्हणाले, काकाजी, झाड जाईल हो.

काकाजींनी बादली सोडवून घेतली. "झाड की पोरगी, हे काय विचारायचं आहे?"

ते बोलले आणि पुन्हा वाकले. सगळे रांजण उपसले, माती भरून बुजवले, वरून शेणानं सारवलं. सासूबाईंनी न सांगता तिथं रांगोळी घातली. बायको गेल्यापासून त्या परसात रांगोळी पडली नव्हती.

शकू आली. गोल चेहऱ्याची, बापासारखी उंच, थकलेली पण हसरी. आली तेव्हा झाडाच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. मग पानं आतल्या बाजूला वळली, मग गळू लागली. हिरवी संत्री एकेक करून खाली पडत. काकाजी पोरगी उठायच्या आत ती वेचून घेत, कुठं नेऊन टाकत कोणास ठाऊक. पौषात शकूला मुलगा झाला. बारसं झालं, काही लोक आले, कितीक वर्षांनी त्या घरी कोणी जेवलं. काकाजी वाढत होते आणि नातवाला मांडीवरून खाली ठेवत नव्हते. सगळं कसं, जसं पाहिजे तसं झालं होतं.

एकदा मी शकूला शेकायला शेगडी घेऊन गेले, तर ती शाल पांघरून मागच्या दारात उभी होती. झाडाच्या नुसत्या काड्या राहिल्या होत्या.

"बाबा, आईचं झाड काऊन वाळलं?" तिनं विचारलं.

काकाजी नातवाचं लंगोट वाळत घालत होते. वळून पाहिलं नाही. "उन्हानं," म्हणाले.

शकूनं शाल आणखी घट्ट ओढून घेतली. मी शेगडी ठेवली आणि निघून आले.

सव्वा महिन्यानं सासरचे तिला न्यायला आले. ओटीत नारळ पडला, तांदूळ पडले, बाजारची संत्री पडली. बस गेली. दुपारी मी परसात कपडे काढायला गेले तर काकाजी पायरीवर बसून खलात काहीतरी कुटत होते. फार टणक असावं, बत्ता घसरत होता. खिडकीकडं पाहिलं तर बाटली रिकामी. मी कपडे हातात घेऊन तशीच उभी. त्यांनी ती भुकटी तळहातावर घेतली, मूठभर सुद्धा नव्हती, आणि त्या वाळक्या झाडाच्या बुंध्याशी माती उकरून घातली. वरून नेहमीसारखं थोपटलं.

"काकाजी, आता त्यानं काय होईल?" मी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले.

उन्हाळ्यात ह्यांचा हुकूम आला आणि आम्ही नागपूरला आलो. रांजण पुन्हा खणले नाहीत त्यांनी. हळदीचे कागद मात्र करत राहिले, आम्ही निघालो तेव्हा दोरीवर वाळत होते. कशाला, ते मी विचारलं नाही. दोन-तीन वर्षांत ते गेल्याचं कळलं. ह्यांना जायचं होतं मातीला, पण बातमीच उशिरा आली. तेव्हापासून त्या गावच्या बातम्या अशाच येऊ लागल्या, दुसऱ्या राज्यातल्या येतात तशा.

पुढं कितीतरी वर्षांनी एका बारशाहून परतताना सौंसरच्या बसस्टँडवर शकू भेटली. मी ओळखलं नाही, तिनंच ओळखलं. केस पिकलेले, पिशवीत पोळ्याची खरेदी. वाकून पाया पडली, बाकावर जागा केली. सासू गेली होती, बगीचा तिच्याच हाती होता. पांढुर्ण्याचं घर विकलं, घेणाऱ्यानं परसात गोदाम बांधलं, खणताना म्हणे रांजण निघाले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "वहिनी, आईच्या झाडाला काय झालं होतं ते मला आल्या दिवशीच कळलं होतं. मातीला वास येत होता न. आणि पुढं खाटेखाली टोपलीभर हिरवी संत्री लपवलेली दिसली. सुकून गेली होती, तरी टाकली नव्हती त्यांनी."

मी म्हटलं, मग विचारलं कशाला ग?

"वाटलं सांगतील. सांगितलं असतं तर रडलो असतो दोघं," ती म्हणाली. नागपूरची बस लागली होती, लोक उठून धावत होते. तिनं माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली. "तर बाबा म्हणते, उन्हानं. पौषात कुठलं ऊन लागते हो वहिनी? थंडीनं माझं लेकरू निळं पडून राहिलं होतं. पण मी म्हटलं, असंल."